पाच नंबर, लाल शाईनं

१ फेब्रुवारी २०१६, सोमवार

कारखान्यानं यंदा डायऱ्या छापल्या नाहीत. उसाचं कांडं नाही, गाळप नाही, मग डायरी कुठून येणार? म्हणून गेल्या सालची कोरी राहिलेली डायरी काढली आणि वार खोडून लिहायला बसलो. एकोणतीस वर्षं वजनकाट्यावर काढलेल्या माणसाला रोज चार ओळी खरडल्याशिवाय जेवण जात नाही.

आजपासून माझी बदली कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर झाली. चेअरमन अर्जुनराव साहेबांनी दिवाळीत ते सगळ्यांसाठी खुलं केलं. धुराडं बंद आहे, निदान आठ खोल्या तरी चालू राहू द्या म्हणाले. आष्टीचा रस्ता समोरून जातो. चारा-छावण्या तपासणारे येतात, टँकरचे ठेकेदार येतात, पेपरवाले फोटो काढायला येतात. दुष्काळ पडल्यापासून आमच्या तालुक्याला पाहुण्यांची कमी नाही.

मला काउंटर दिलाय आणि डोक्यावर एक मॅनेजर बाई दिली आहे. सत्यभामाबाई. चाळिशीच्या आतली, पुण्यात मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर अकरा वर्षं होती म्हणे. मला काका म्हणते आणि शाळेतल्या पोरासारखं शिकवते. या वयात हेच बघायचं राहिलं होतं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी वही आखून दिली. खोली मागणारे सगळे सारखे नसतात, असं त्यांचं म्हणणं. 'बहुतेक येऊ' म्हणणारा तो टेन्टेटिव्ह, त्याचं नाव पेन्सिलीनं लिहायचं. नक्की येतो म्हणून नाव-नंबर दिला की कन्फर्म, तो निळ्या शाईनं. पण त्याची खोली संध्याकाळी सहापर्यंतच धरायची. सहा वाजले की दुसऱ्याला द्यायला मोकळी. ज्यानं आधीच सगळे पैसे भरले तो गॅरंटीड, तो लाल शाईनं. त्याची खोली सकाळपर्यंत धरायची, येवो न येवो. न कळवता आलाच नाही तर नो-शो. आणि काहीच न सांगता दारात येऊन उभा राहिला तो वॉक-इन.

मी म्हणालो, बाई, आमच्याकडं सगळेच वॉक-इन. माणूस बहिणीच्या घरी जातो तर काय फोन करून जातो का? त्या हसल्या नाहीत.

एक नंबरच्या खोलीवरून मात्र आमची जुंपली. ती चेअरमन साहेबांची. कारखाना उभा राहिल्यापासून ती कुणाला दिलेली नाही, चावीसुद्धा साहेबांच्या जुडग्यात असते. बाईंनी वहीत तिच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलं, 'आऊट ऑफ ऑर्डर'. मी म्हणालो, अहो, तिथला एसी चालतो, गिझर चालतो, नादुरुस्त काय आहे? तर म्हणाल्या, जी खोली पाहुण्याला देता येत नाही ती नादुरुस्तच. साहेबांनी हे वाचलं तर दोघांच्या पोटावर पाय येईल.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझी इज्जत गेली. लपवण्यात अर्थ नाही, डायरीला तरी खरं सांगावं.

तीन दिवसांत फोनवर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी 'या की' म्हणालो. छावणी तपासणारे आले, एक टँकरवाला आला, लग्नाहून परतणारं वऱ्हाड आलं. सात खोल्या आणि अकरा धनी. वहीत एकाचंही नाव नाही, कारण मी बुकिंग केलंच नव्हतं, नुसतं 'या' म्हणालो होतो. आता फोनवर माणूस विचारतोय, येऊ का, आणि त्याला येऊ नका म्हणायचं? असं आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. काट्यावर बी ड्रायव्हर विचारायचे, आज नंबर लागंल का? मी म्हणायचो, लागंल की. मग तो दोन दिवस रांगेत बसायचा, पण माझ्यावर नाराज नसायचा.

वऱ्हाडातला एकजण माझी गचांडी धरायला आला. बाई मध्ये उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चूक आमची आहे म्हणाल्या, सगळ्यांना बसवलं, चहा दिला, आष्टीतल्या दुसऱ्या लॉजला स्वतः फोन लावून चार खोल्या मिळवल्या आणि जीप करून माणसं पोचवली. जाताना तोच गचांडीवाला त्यांना नमस्कार करून गेला. मी असं कसब काट्यावर एकोणतीस वर्षांत बघितलं नाही, आणि तिथं शेतकी अधिकारी बी शिव्या खायचे.

सगळे गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "काका, हो म्हणायला काही लागत नाही. ते पाळायला खोली लागते."

रात्रीची भाकरी गोड लागली नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी एक म्हातारी काउंटरसमोर उभी राहिली. साठीची असेल. पायात टायरच्या चपला, डोक्याला फडकं. मला वाटलं पाणी मागायला आली. मी माठ दाखवला. ती प्यायली आणि मग म्हणाली, एका रातीचं काय घेता?

मी सांगितलं, बाई, इथं साहेब लोक उतरतात, यष्टी स्टँड पुढं आहे. मला ठावं हाय, म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.

नाव बायनाबाई. ऊसतोडीला कोल्हापूरकडं असतात नवरा-बायको. दिराच्या दहाव्याला आली होती, उद्या परत उसाच्या फडावर जाणार. एकतीस हंगाम तोडले. दर हंगामाला कारखान्याबाहेर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायची आणि समोर कारखान्याचं गेस्ट हाऊस. रात्री खिडकीत उजेड, पडदे. यंदाचा हंगाम शेवटचा, गुडघे गेले. हंगाम संपला की घरी येताना वाटेत एक रात्र तसल्या खोलीत काढायची, असं तिनं मनात धरलंय. "त्या पडद्याच्या आत माणूस कसं झोपतं ते एकदा बघायचं हाय," म्हणाली.

मला हसू आलं, खरं सांगतो. पण बाई आतून आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी म्हातारीला खुर्ची दिली. कुठल्या टोळीत, कोपी माळाला का नदीला, फडात पाणी किती लांब, असं बरंच विचारलं. पुण्याच्या माणसांना खेड्यातल्या गोष्टींचं भारी कौतुक असतं. म्हातारीनं पदराची गाठ सोडून सगळे पैसे काउंटरवर ठेवले. तारीख ठरली ९ एप्रिल, पाडव्याचा दुसरा दिवस. बाईंनी पाच नंबरपुढं लाल शाईनं नाव लिहिलं.

लाल कावून, म्हातारीनं विचारलं. बाई म्हणाल्या, लाल म्हणजे ही खोली त्या दिवशी कुणालाच द्यायची नाही.

"कलेक्टर आला तरी?"

"आला तरी."

म्हातारी गेल्यावर मी म्हणालो, ही काही यायची नाही, नो-शो बघा. डाव्या हाताच्या अंगठ्यावर बाईंना एक पांढरा व्रण आहे, चांगला करंगळीएवढा लांब, तो चोळत बसल्या. विळीनं कापलं असेल कधीतरी, मी विचारलं नाही.

२२ मार्च, मंगळवार

संचालक मंडळाची मीटिंग झाली. गेस्ट हाऊस एप्रिलअखेरपर्यंत बघायचं, खोल्या भरल्या नाहीत तर कुलूप. बाई, मी, खोल्या झाडणारी आणि चहा-जेवण करणारी छबुबाई, सगळे घरी. छबुबाईचं घर तिच्या एकटीवर चालतं. ती म्हणाली, देवा, ही बाई टिकू दे, असं शिस्तीचं माणूस बघितलं न्हाई. पहाटे तीनला उठून बसती म्हणे, कोरा चहा करून पिती, दूध नको म्हणती. मी म्हणालो, हॉटेलात रात्रपाळ्या करून झोपेचं वाटोळं झालं असेल.

मला आता बाईंची भीती वाटत नाही. खरं तर त्या रजेवर असल्या की काउंटर सुना वाटतो. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, तरी एका पाहुण्याची पाण्यावरून तक्रार नाही. खोलीला दोन बादल्या, आणि त्या कमी का आहेत हे प्रत्येकाला आल्या आल्याच स्वतः सांगतात. चेक-इनलाच खरं सांगितलं की माणूस भांडत नाही, म्हणतात. साधी गोष्ट आहे, पण आम्हाला कुणाला सुचली नव्हती.

५ एप्रिल, मंगळवार

पुन्हा तेच करून बसलो.

चेअरमन साहेबांचा फोन आला. मुंबईहून दुष्काळ पाहणीचे सात अधिकारी येताहेत, ९ तारखेला मुक्काम आपल्याकडं. खोल्या आहेत ना? माझ्या तोंडातून गेलं, "या की साहेब, सगळ्या तुमच्याच." फोन ठेवला आणि वही बघितली. दोन ते आठ अशा सात खोल्या, त्यातल्या पाच नंबरवर लाल शाई. एक कमी.

बाईंना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. सहा खोल्या निळ्या शाईनं लिहिल्या आणि म्हणाल्या, सातवीचं बघू. मी म्हणालो, म्हातारीचे पैसे परत करू, पुढच्या आठवड्यात बोलवू, तिला काय कळतंय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी उठून माठात पाणी आहे का बघायला गेलो.

८ एप्रिल, शुक्रवार, पाडवा

सण असून बाई घरी गेल्या नाहीत. कुठलं गाव विचारलं तर इकडचंच म्हणाल्या आणि विषय बदलला. दिवसभर पाच नंबरमध्ये होत्या. चादरी स्वतः घातल्या, पडदे धुतले, पंख्याची पाती पुसली. आपल्या वाटणीचं पाणी तीन दिवस साठवून चार बादल्या भरून ठेवल्या. एका म्हातारीसाठी एवढं कशाला, मला समजत नाही. पण त्यांना काम करताना बघत राहावंसं वाटतं. मी दाराशी गेलो तर त्या पलंगाच्या कडेला बसून उशीवर हात फिरवत होत्या, डोळे लाल. धुळीचा त्रास होतो त्यांना.

९ एप्रिल, शनिवार

सगळं नीट, क्रमानं लिहितो.

साडेपाचला गाड्या आल्या. सहा अधिकाऱ्यांचं चेक-इन बाईंनी वीस मिनिटांत केलं. सातवे, सगळ्यांत मोठे साहेब, मागच्या गाडीनं अजून यायचे होते. सोबत आलेल्या चेअरमन साहेबांनी विचारलं, पाच नंबर कुणाला दिलाय? बाई म्हणाल्या, गॅरंटीड आहे. मोठ्या साहेबांसाठी एक नंबर मोकळी आहे, ती उघडून द्या, तुमचं घर तर इथून तीन किलोमीटर.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझी खोली? म्हणाले. मग घड्याळ बघितलं. सव्वासहा. मीच त्यांना मागं मोठ्या रुबाबात सहाचा नियम सांगितला होता, तो त्यांच्या ध्यानात होता. सहा वाजून गेले, पाहुणा आला नाही, खोली सुटली, म्हणाले. बाई म्हणाल्या, तो नियम निळ्या शाईचा, लाल शाईची खोली सकाळपर्यंत पाहुण्याची. म्हातारीचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता. मला मनातून वाटत होतं, ही येत नाही आणि बाईंची नोकरी मात्र जाते.

कोण आहे तो पाहुणा, आमदार आहे का मंत्री, साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, पाहुण्याचं नाव काउंटरवरून सांगत नाही आम्ही. मग साहेब माझ्याकडं वळले. आवाज खाली आणून, जुन्या ओळखीनं बोलले. "त्रिंबकराव, तुमी आपले माणूस. कोण हाय पाच नंबरला?"

मला ठाऊक होतं. नाव सांगितलं की पुढचं सगळं झालं असतं. तोडणीवाली म्हातारी म्हटल्यावर साहेबांनी खोली घेतलीच असती, आणि मी आपला माणूस राहिलो असतो. एकोणतीस वर्षं मी त्यांना हो म्हणत आलोय. पोराला शिपायाची नोकरी त्यांनी लावली. बाई वहीकडं बघत होत्या, माझ्याकडं बघितलंच नाही त्यांनी. त्यांनी बघितलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "साहेब, ते सांगता येत न्हाई."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी आवारात वळली. अर्जुनरावांनी जुडग्यातून एक नंबरची चावी काढली आणि काउंटरवर आपटली. उद्या तुमच्या दोघांचं बघतो, म्हणाले. बाईंनी हसतमुखानं मोठ्या साहेबांचं चेक-इन केलं आणि छबुबाईनं बॅग एक नंबरमध्ये नेऊन ठेवली. कारखाना उभा राहिल्यापासून पहिल्यांदा.

चेअरमन साहेब घरी जातील असं वाटलं, पण ते समोरच्या सोफ्यावर बसून राहिले. हा पाहुणा बघूनच जातो, म्हणाले.

पावणेआठला ती दोघं आली. करमाळ्याजवळ ट्रकचं चाक फुटलं होतं. बायनाबाईच्या डोक्यावर गाठोडं, नवरा धुळाजी मागं, त्याच्या बोचक्यातून कोयत्याची मूठ दिसत होती. अंगावर सगळी धूळ. धुळाजी दारातच थबकला, चपला काढून हातात घेतल्या. बायनाबाई सरळ आत आली. मला म्हणाली, उशीर झाला भाऊ, दिली का कुणाला? मी म्हणालो, नाही, तुमचीच आहे. मला ते म्हणताना एवढं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

मग तिची नजर सोफ्याकडं गेली. चेअरमनला कोण ओळखत नाही? तिनं हात जोडले आणि अगदी काळजीनं विचारलं, "अर्जुनराव, तुमी कावून भाईर बसले? खोली न्हाई मिळाली का? आधी सांगावं लागतं हितं."

छबुबाईनं तोंडाला पदर लावला. मी वहीत डोकं घातलं. साहेबांनी एकदा वहीकडं बघितलं. मग म्हणाले, व्हय बाई, चुकलंच माझं. उठले आणि गेले. रागानं गेले की कसं, मला कळलं नाही.

पाहुण्याचं कार्ड मी भरलं. नाव, गाव, माणसं किती. येण्याचं कारण असा एक रकाना असतो. लोक सांगतात तपासणी, लग्न, दवाखाना. मी विचारलं, कशासाठी आलात?

"झोपायला," बायनाबाई म्हणाली.

तेच लिहिलं. तिनं अंगठा उठवला. सकाळी किती वाजता उठवायचं, हेही विचारावं लागतं. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. धुळाजी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, आमाला मुकादम उठवतो तीनला. आज नका उठवू.

बाई स्वतः खोली दाखवायला गेल्या. चावी म्हातारीच्या हातात दिली, आतून कडी कशी लावायची, पंखा कुठला, गरम पाण्याचा नळ कुठला. दारावर अडकवायची पाटी दिली, 'कृपया त्रास देऊ नका'. बायनाबाईनं त्यांचा हात धरला तो सोडेना. अंगठ्यावरच्या त्या व्रणावरून बोट फिरवत राहिली, आणि मग विचारलं, तुजी आय कुठं असती बाय?

"न्हाई आता," बाई म्हणाल्या. "बाराव्या हंगामाला गेली."

मला नवल वाटलं. बाईंच्या तोंडून 'न्हाई' मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्यात राहून त्यांची शुद्ध भाषा बिघडायला लागली. आणि हंगाम कसला ते काही समजलं नाही. हॉटेलातही सीझन असतो म्हणे.

१० एप्रिल, रविवार

सकाळी सातपासून अधिकाऱ्यांची चेक-आउटची गडबड सुरू झाली. मोठ्या साहेबांनी जाताना बाईंना विचारलं, काल आमच्यामुळं कुणाची अडचण तर झाली नाही ना? कुणाचीच नाही, म्हणाल्या. चादरी, पाणी, वेळेवर चहा, सगळं आवडलं म्हणाले. पुढं तीन महिने दर पंधरवड्याला येणं आहे, तर आमच्या सातही खोल्या लाल शाईनं लिहून ठेवा. लाल शाईचं त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. बाईंनी तारखा विचारून घेतल्या. मीच लिहिल्या, लाल शाईनं.

नऊला चेअरमन साहेब पाहुण्यांना निरोप द्यायला आले. मी रात्रभर राजीनाम्याचा अर्ज मनात जुळवत होतो. गाड्या गेल्यावर ते व्हरांड्यातून आत आले, नेहमीच्या खणखणीत आवाजात माझं नाव घेत. पाच नंबरच्या दारावर पाटी तशीच होती. आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मी काउंटर सोडून पुढं गेलो आणि ओठावर बोट ठेवलं. चेअरमनला! म्हणालो, "साहेब, हळू. पाच नंबर झोपल्यात."

साहेब जागीच थांबले. पाटीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मग चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि त्या दारावरून अनवाणी काउंटरपर्यंत आले. एक नंबरची चावी तिथं पडली होती. मला वाटलं खिशात टाकतील. त्यांनी ती बोटानं बाईंकडं सरकवली आणि कुजबुजत म्हणाले, हिला बी त्या वहीत घ्या.

बाईंनी खोडरबरानं एक नंबरपुढचं 'आऊट ऑफ ऑर्डर' पुसलं.

साडेअकरा झालेत. चेक-आउट बाराचं आहे, पण बाईंनी सांगितलंय, दार वाजवायचं नाही. छबुबाईनं भांडी घासायची थांबवली आहे. फोन वाजला की मी पहिल्याच घंटेला उचलतोय.